जुनी गाडी तापते? आधी एवढं बघा

नवा रेडिएटर मागवायची घाई करू नका. आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा.

पहिलं रेडिएटरचं झाकण. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही. 7 पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचं धड झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू दहाएक अंशांनी वर नेतं, म्हणजे एवढ्याशा रबरावर बरंच अवलंबून आहे. मात्र इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. कधीच नाही.

मग:
- फॅनबेल्ट: अंगठ्याने दाबल्यावर साधारण 1 सेंमी दबावा.
- खालचा होज (रेडिएटरच्या खालची रबरी नळी): इंजिन रेस केल्यावर आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर बदला.
- कूलंट: नुसतं नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

नवशिके हमखास थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. तो बिघडला असेल तर नवा बसवा, काढून मोकळे होऊ नका. इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल जास्त पितं आणि झीजही वाढते.

एवढं करूनही तापमानाचा काटा चढलाच तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघून घ्या, ते मागे पडलं तरी इंजिन तापतं. वाटेत गाडी तापली तर हीटर पूर्ण चालू करा, तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. घामाघूम व्हाल, पण इंजिन वाचेल.