‘पर्सेंटाइल किती होते रे तुझे?’

“मॅडम, आडनाव सांगितलं नाही तर चालेल का?”

प्रवेशाचे कॅप राउंड संपून कॉलेजं सुरू झाली की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न येतोच. कधी मुलं स्वतः विचारतात, तर कधी आईवडील फोन करतात. “पोराला पुण्याला धाडतोय. हॉस्टेलात जात कळू देऊ नको असं बजावलंय. बरोबर केलं ना?” २०१९ साली मुंबईत जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांत तरुण आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेल्या, तेव्हापासून या फोनमधली भीती मला जास्त स्पष्ट ऐकू येते. एका वाक्यात देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एका मुलाबद्दल सांगते.

हे त्याच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एरवी आम्ही नावही बदलतो. पण इथे मुळात प्रश्नच नावाचा होता, त्यामुळे त्याला दुसरं नाव चिकटवायला माझं मन धजावलं नाही.

तो परभणीकडचा, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विषय बॅक राहिले होते, रात्री झोप येत नव्हती. पहिल्या दोन भेटींत “अभ्यासात लक्ष लागत नाही” यापलीकडे तो काही बोलला नाही. तिसऱ्या भेटीत हॉस्टेलची पहिली रात्र निघाली. खोलीत सहा मुलं बसली होती. एकाने विचारलं, “पर्सेंटाइल किती होते रे तुझे?” याने आकडा सांगितला. क्षणभर कुणी बोललं नाही, मग कुणीतरी म्हणालं, “अच्छा, कॅटेगरी.”

बस, एवढंच घडलं. शिवी नाही, भांडण नाही. पण त्यानंतर त्याने व्हॉट्सअॅपवरचं आडनाव काढलं आणि जर्नलवर फक्त आद्याक्षर ठेवलं. मेसमध्ये आरक्षणाचा विषय निघाला की ताट घेऊन तो उठायचा. वर्गात त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. आणखी एक गोष्ट त्याने खूप खालच्या आवाजात सांगितली. “चौदा एप्रिलला मी स्टेटस ठेवलं नाही, मॅडम. घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंडात घास घेत नाही. आणि मी...”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने काम करते. प्रसंगापेक्षा आपण त्याला दिलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, ही तिथली शिकवण. वीसेक वर्षांत शेकडो माणसं या वाटेने मोकळी होताना मी पाहिली आहेत. पण ही वाट घाईने धरली तर अन्याय होतो, हे मला अशाच मुलांनी शिकवलं. ज्याला खरोखर हिणवलं गेलंय त्याला “तू तसा विचार करू नकोस” म्हणणं म्हणजे हिणवणाऱ्याला सोडून देणं. म्हणून आधी प्रसंग खरा होता हे मान्य करायचं, पूर्ण आणि स्पष्ट शब्दांत.

त्याने ते माझ्याकडून काढूनच घेतलं. एके दिवशी अचानक म्हणाला, “मॅडम, तुम्हाला कधी कुणी मार्क विचारून गप्प झालं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले. “माझं आडनाव ऐकून कुणीच गप्प होत नाही. उलट खुर्ची पुढे करतात. त्यात माझी काही कर्तबगारी नाही.”

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो खुर्चीत मागे टेकून बसू लागला.

नंतर मी विचारलं, “तुमच्या वर्गात प्रश्न कोण विचारतं?”

“चार-पाच जण आहेत.”

“हुशार आहेत?”

“तसं काही नाही. कधीकधी अगदीच बाळबोध विचारतात.” मग थांबून, जणू स्वतःलाच सांगत म्हणाला, “त्यांना चुकणं परवडतं, मॅडम. ते चुकले तर ते एकटे चुकतात. मी चुकलो की सगळे चुकतात. आमचे सगळे.”

मी वहीवर पेन ठेवलं. एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्यासोबत अख्ख्या समाजाची परीक्षा देत होता, तीही रोज, प्रत्येक तासाला. नापास होण्याचं कारण माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं आणि ते अभ्यासाचं नव्हतंच.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ म्हटल्या गेलेल्या जातींची मुलं जवळपास सारखीच ठरली. नावासोबत जात मोठ्याने वाचली तेव्हा ‘खालच्या’ म्हटल्या गेलेल्या जातींची मुलं स्पष्टपणे मागे पडली. हे मी त्याला सांगितलं.

“म्हणजे जात काढली की डोकं बंद पडतं?”

“बंद पडत नाही. अर्धं डोकं राखणीला बसतं, कोण काय म्हणेल ते बघत. उरलेल्या अर्ध्याने गणित करायचं.”

“व्हायव्हाला माझं अस्संच होतं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

मग एलिस कामाला आले. एका पानावर आम्ही दोन वाक्यं लिहिली: ‘ते मला कमी समजतात’ आणि ‘मी कमी आहे’. पहिलं खरं असू शकतं, त्याचा पुरावा मिळतो. दुसऱ्याचा पुरावा शोधायला मी त्याला आठवडा दिला. तो रिकाम्या हाताने परत आला. पर्सेंटाइल प्रवेश परीक्षेच्या त्या तीन तासांच्या पेपरचे असतात, ते अख्ख्या माणसाला लावायचे नसतात. हे त्याला बुद्धीने कळायला एक भेट लागली आणि अंगात मुरायला चार महिने.

आता आईवडिलांसाठी. “लपव” हा सल्ला तुम्ही मायेपोटी देता आणि तो निराधार नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅट्वेल या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारखीच पात्रता असूनही दलित आडनावाच्या अर्जांना खासगी नोकऱ्यांची बोलावणी कमी आली होती. तेव्हा अनोळखी जागी नाव कधी सांगायचं हे मुलाला ठरवू द्या, तो त्याचा हक्क आहे. पण लपवण्याची आज्ञा देऊ नका. आज्ञेतून मूल एवढंच शिकतं, की आपल्यात लपवण्यासारखं काही आहे.

मुलांनो, टोमणा मारला गेला तर तारीख, नेमके शब्द आणि हजर कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१२ मध्ये केलेल्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी यांची तरतूद आहे. आपल्या कॉलेजात ते कोण आहेत, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, गरज पडो न पडो. आणि आपल्यातला एक तरी सिनियर शोधा. त्या मुलाला एक सिनियर भेटला, त्याचा उपयोग माझ्या कित्येक भेटींपेक्षा जास्त झाला.

प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे: शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचू नका. ज्यांची नावं त्यात असतात, त्यांचा पुढचा तास वाया जातो.

परवा त्याचा फोन आला. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला त्याने हात वर केला होता. सर म्हणाले, “हे मागच्या आठवड्यात झालंय.” मागच्या बाकावर दोघं हसले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मॅडम. म्हटलं, सर, मागच्या आठवड्यातही कळलं नव्हतं.”