कलेचे मूलघटक आणि तत्त्वं पाठ आहेत, तरी पोस्टर जमत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे घटक आणि तोल, लय, प्रमाण, विरोध, मेळ, वर्चस्व ही तत्त्वं चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेपासून पाठ आहेत, पण गॅदरिंगचं पोस्टर करायला बसलं की त्यातलं काही हाताशी येत नाही. शेवटी सॉफ्टवेअर कोणतं शिकू, असंही विचारलंय. मी कोल्हापुरात छपाईच्या धंद्यात आहे. फ्लेक्स, पत्रिका, हँडबिलं हे रोजचं काम. कामात जे दिसतं तेवढंच सांगतो.

घटकावर बोट ठेवता येतं: ही रेषा, हा निळा. तत्त्व मात्र दोन घटकांच्या मध्ये असतं. कुठलंही अक्षर शेजारच्या अक्षरापेक्षा मोठं असतं, एकटं असताना ते मोठंही नसतं आणि लहानही. त्यामुळे तत्त्वांची यादी पाठ असून भागत नाही. समोरच्या दोन गोष्टींचं एकमेकींशी काय चाललंय ते बघावं लागतं.

आमच्याकडचा वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. मध्ये भाऊ, वर नेतेमंडळी, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाचाच फोटो बारीक दिसायला नको, असा गिऱ्हाइकाचा आग्रह. मग गाडीवरून जाणाऱ्याला वाढदिवस कुणाचा तेच कळत नाही. वर्चस्व नावाचं तत्त्व तिथं मेलेलं असतं. (फोटोंच्या क्रमावरून होणारी भांडणं हा वेगळा विषय.)

पण मला विचाराल तर नवशिक्यानं सगळ्यात आधी छटा धरावी, म्हणजे गडद-फिकं. जवळजवळ सगळे रंगापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग, म्हणून हिरव्यावर लाल अक्षर उठून दिसेल असं वाटतं. दोन्हींची छटा सारखी पडली तर ते अक्षर लांबून वाचताच येत नाही, नुसतं डोळ्यांपुढं थरथरतं. मग त्याला पांढरी आउटलाइन, त्यावर पिवळी, मागं सावली. अक्षराला आउटलाइन मारावीशी वाटली की समजा, छटा चुकली आहे. तपासायला सोपं आहे: मोबाईलवर डिझाईन कृष्णधवल करून बघा, नाहीतर डोळे किलकिले करून चार पावलं मागं जा. जे करड्यात विरघळलं, ते रस्त्यावरही विरघळणार.

छटेच्या जोरावर चित्र कसं उभं राहतं ते बघायचं असेल तर कोल्हापुरातल्या राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे. तिथली त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे पूड चोळून छटा दिलेली चित्रं बघा. गडदातून फिक्याकडं किती पायऱ्या आहेत ते मोजत बघा.

बाकीच्या तत्त्वांसाठी एक रविवार काढून खिद्रापूरला जा. शिरोळ तालुक्यातलं कोपेश्वराचं देऊळ. तळाशी दगडी हत्तींची ओळ आहे. तोच प्राणी पुन्हा पुन्हा, पण प्रत्येकाच्या घडणीत थोडा बदल, त्यामुळे नजर कंटाळत नाही, पुढं सरकत राहते. याला लय म्हणतात. नुसतं कॉपी-पेस्ट केलं की पुनरावृत्ती होते, लय होईलच असं नाही. देवळाच्या पुढच्या मंडपात, स्वर्गमंडपात, 48 खांब आहेत, त्यांत चौकोनी, गोल, अष्टकोनी असे भाग एकावर एक येतात, आणि तरी गोंधळ वाटत नाही, कारण सगळे एका मध्याभोवती मांडलेत. त्या मध्यावर छतच नाही. वर गोल मोकळं आकाश, खाली तेवढीच गोल शिळा. एवढं कोरीव काम असताना आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती जिथं दगड ठेवलाच नाही तिथं. भोवतीचा अंधार नसता तर तो उजेड एवढा दिसलाही नसता. अवकाश, विरोध, वर्चस्व, तोल हे सगळं त्या एका जागेत उभं राहून समजतं. तुमच्या पोस्टरवर मोकळी जागा सोडलीत की कुणीतरी म्हणणारच, ‘इथं अजून एक फोटो बसतोय की.’ बसवू नका.

सुरुवातीला पोस्टर काळ्या, पांढऱ्या आणि एका करड्यात करा. मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच ठरवा, बहुधा कार्यक्रमाचं नाव, आणि तारीख-वेळ-ठिकाण एका गटात ठेवा. हे जमल्यावर रंग घाला, तोही आधी एकच.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर छपाईलाच द्यायचं असेल तर कोरलड्रॉ शिका, इथल्या बऱ्याच छपाईवाल्यांकडं तेच चालतं. फाइल देताना मराठी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार करून द्या, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर फाँट नसला की जोडाक्षरांची वाट लागते.