उत्तर: मेपलच्या भट्टीला आतून नुसतं ब्लँकेट लावून चालेल का?

ताई, फोटो पाहिले. मेपलचा रस आटवून सिरप करायची जुनी दोन बाय सहा फुटांची भट्टी घेतलीत, आतून कोरी आहे, नुसता पत्रा, जाळ धरला की बाजूचा पत्रा लालसर होतो आणि वर रस मात्र रडतखडत उकळतो, म्हणून आता आत नुसतं सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची जाड चादर) चिकटवू की साध्या सिमेंटमध्ये विटा बसवू, असं विचारलंय. वीट आणि ब्लँकेट दोन्ही लागणार, पत्र्याला लागून ब्लँकेट आणि त्याच्या पुढे जाळाकडच्या अंगाला वीट. सिमेंटचं पोतं मात्र गॅरेजमध्येच राहू द्या, उष्णतेने साधं सिमेंट भुसभुशीत होऊन गळून पडतं.

बऱ्याच जणांचा समज असतो की फायरब्रिक (भट्टीत वापरायची खास वीट) लावली म्हणजे इन्सुलेशन झालं. जड फायरब्रिक जाळ सोसते, अडवत नाही, एकदा का आतपर्यंत तापली की मागच्या पत्र्याला उष्णता देतच राहते. अडवायचं काम ब्लँकेटचं. एक इंची, घनफुटाला 8 पौंड डेन्सिटीचं, 2300 फॅरनहाइटवालं मिळतं ते पुरे. पण ते उघडं ठेवलं तर लाकडाचं टोक लागलं की फाटतं आणि खाली ब्लोअर असेल तर तंतू सुटून उडतात, म्हणून लाकडाचा मार खायला पुढे वीट हवीच. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात काहिलीखालचं चुलाण जमिनीत असतं, चारी बाजूंनी मातीच, त्यामुळे तिथे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. इथे पातळ पत्र्याची पेटी आणि तिच्याभोवती न्यू हॅम्पशायरची मार्चमधली हवा. त्यात 2 टक्के साखरेच्या रसाचे जवळजवळ 43 गॅलन आटवावे तेव्हा 1 गॅलन सिरप पदरात पडतं, मग अंगण तापवायला लाकूड कशाला जाळायचं.

विटेच्या जाडीचा हिशोब आधी करा. पूर्ण वीट अडीच इंच जाड, त्यात इंचभर ब्लँकेट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 7 इंच गेले आणि 24 इंचाच्या पेटीत 17 उरले, लाकडं टाकताना जीव मेटाकुटीला येईल. तुमच्या मापाला सव्वा इंची वीट घ्या, इथे दुकानात तिला स्प्लिट म्हणतात, ती लावून साडेएकोणीस इंच मोकळे राहतात. ती पांढरी हलकी, करवतीने कापली जाणारी वीट मोहात पाडते, इन्सुलेशन म्हणून चांगलीच आहे, पण लाकूड आदळलं की टवके उडतात, ती मागच्या भागात वापरा जिथे लाकूड पोचत नाही.

ब्लँकेट कापताना पी-100 मास्क (बारीक धूळ गाळणारा), पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कापायच्या जागी पाण्याचा हलका फवारा मारायचा. याचे बारीक तंतू फुप्फुसात गेलेले अजिबात चांगले नाहीत, इथे हयगय नको. विटा ग्राइंडरने कापाल तेव्हाही मास्क हवाच, त्या धुळीत सिलिका असते.

विटा जोडायचं मॉर्टर रिफ्रॅक्टरीचंच, म्हणजे उष्णता सोसणारं, घ्या, आणि सांधा एकदम पातळ, पाव सेंटिमीटरच्या आसपास, कारण जाड सांधा आधी तडकतो. वीट पाण्यात बुडवून काढायची आणि मग लावायची, कोरडी वीट मॉर्टरमधलं पाणी लगेच पिऊन टाकते आणि पकडच येत नाही. खाली लाकडं ज्यावर जळतात त्या जाळीच्या पातळीपासून सुरुवात करा, राखेच्या भागात विटांची गरज नाही, तिथून गार हवा येतच असते. बिडाची जाळी तापली की पसरते, तेव्हा तिच्या कडेला थोडी फट ठेवून तिथे ब्लँकेटचा तुकडा दाबा, नाहीतर ती विटा ढकलून भिंत फुगवते. वरचा थर कडेच्या लोखंडी पट्टीच्या जरा खालीच संपवा. पॅन, म्हणजे रस उकळायचं पसरट भांडं, पट्टीवर बसला पाहिजे, विटेवर टेकला तर कुठूनतरी उचलला जातो आणि त्या फटीतून जाळ बाहेर डोकावतो. पट्टी आणि पॅनच्या मध्ये सिरॅमिक गॅस्केट (फट बुजवणारं अस्तर) घाला. दाराला लोक विसरतातच, आणि सगळ्यात आधी वाकतं ते दारच, त्याच्या आतल्या अंगाला ब्लँकेट आणि वरून लोखंडी प्लेट बोल्टने आवळा.

हे सगळं थंडी पडायच्या आत उरका. ओलं मॉर्टर गोठलं तर मेहनत पाण्यात. वाळल्यावर आधी काटक्यांचा छोटा जाळ, दुसऱ्या दिवशी जरा मोठा, असं चढवत न्या, एकदम भडका केलात तर विटेतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे उडतात. आणि या छोट्या जाळालाही पॅनमध्ये पाणी हवंच, कोरडा पॅन बघता बघता वाकडा होतो. जुन्या पॅनच्या सांध्यांना शिशाचं सोल्डर असू शकतं, तुमचा सेकंडहँड आहे तर तेही तपासून घ्या.

विटा लागल्यावर एक सवय बदलावी लागते. कोऱ्या भट्टीत लाकडं संपली की उकळी लगेच बसायची, आता विटा तापलेल्या राहतात आणि जाळ विझल्यावरही रस बराच वेळ आटतो. रात्री काम थांबवताना पॅनमध्ये दोन-तीन इंच रस ठेवूनच घरात जा, नाहीतर सकाळी तळाशी करपलेली साखर खरवडत बसाल.

मागचा भाग राहिला. तिथे वर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारे हलके खनिजाचे दाणे) भरून त्यावर वीट आणि जाळ पॅनच्या तळाला घासून जाईल असा चढ करायचा, पण वाट इतकीही अरुंद नको की तिचं क्षेत्रफळ चिमणीपेक्षा कमी होईल, मग धूर दारातून उलटा येतो. तुमच्या चिमणीचा व्यास किती आणि मागचा पॅन सपाट आहे की फ्लूवाला (तळाला खोल पन्हळी असलेला), ते फोटोत कळलं नाही, तेवढं सांगा, मग चढाची उंची काढून देतो.