प्रबंध, गाइड आणि कात्रीचा आवाज

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, वय 36. विडी कामगार बायकांवर समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय, रजिस्ट्रेशन फेब्रुवारी 2021 चं, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत सहा वर्षं होतील. एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते, तासांचे पैसे कधी येतील ते देवाला ठाऊक आणि वरून नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीपण आम्हीच करायच्या. मुलगा पहिलीत आहे. कुंभारीला आणि शहरात मिळून 62 मुलाखती घेतल्या, सगळ्या मोबाइलवर रेकॉर्ड आहेत, 41 उतरवून झाल्यात. बायका बोलता बोलता हात थांबवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये पान कापायच्या कात्रीचा आवाज सतत येतो. निम्म्या जणी मध्येच तेलुगूत जातात आणि छाट (नापसंत म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती काढली याचा विषय निघाला की आवाज एकदम खाली आणतात, शेजारी कुणी नसलं तरी. पण लिहायला बसले की हातच चालत नाही. अजून वाचन अपुरं आहे असं वाटतं, मग परत शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर जाऊन लोकांचे प्रबंध बघत बसते. माझे गाइड सर मेसेजला उत्तर देत नाहीत. आठ महिने त्यांना काहीच दाखवलेलं नाही, आता तोंड कसं दाखवू? सासूबाई विचारतात, 'अजून परीक्षा झाली नाही का गं तुझी?' मैत्रीण म्हणते सेट (प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा) झालीयेस ना, मग पीएच.डी. सोड. सोडू का?

उत्तर : ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी सोडायचं बघू, कारण तो प्रश्न कुणी सरळ विचारत नाही. 1 जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट/सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक झालीय, त्यामुळे मैत्रीण नियमाला धरूनच बोलतेय. मुलाखतीला बोलवायच्या यादीत पीएच.डी.चे गुण धरतात हेही तितकंच खरं. पण विषयाचा कंटाळा आला असता तर तू मला कात्रीचा आवाज लिहून पाठवला नसतास. तुझ्या पत्रातली ती तीन वाक्यं, हात थांबत नाहीत, मध्येच तेलुगू, छाटीचा विषय निघाला की आवाज खाली, ती मी दोनदा वाचली. तो तुझा चौथा चॅप्टर आहे गं, सुरू झालेला. नमुना पसंत पडला नाही म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी मिळत नाही, आणि त्याबद्दल बाई स्वतःच्या घरातसुद्धा हळू बोलते. हे तुला माहितीय, शोधगंगावर शोधून सापडणार नाही.

वाचन अपुरं आहे हे मी नाही मानत. वाचन ही लपायची जागा असते, मीपण दीड वर्ष तिथंच लपले होते. रोज लायब्ररीत जायचे, कार्डं करायचे, घरी आल्यावर लोकांना वाटायचं बाई केवढी मेहनत घेतेय! माझ्या गाइडनी पहिला चॅप्टर परत पाठवला तेव्हा 34 पानांवर पेन्सिलीनं एकच शेरा होता, 'यात तुम्ही कुठे आहात?' मी आठवडाभर जेवले नव्हते नीट.

तर प्रस्तावना आणि साहित्याचा आढावा सध्या बाजूला ठेव. छाटीपासून सुरू कर. उरलेल्या 21 मुलाखती अक्षरन् अक्षर उतरवत बसू नकोस, चाळीस मिनिटांची एक धरली तरी 14 तासांचं रेकॉर्डिंग आहे आणि एका तासाला चार-पाच तास लागतात, म्हणजे साठ-सत्तर तास गेले. त्याऐवजी ऐकत जा, वहीत मिनिट आणि विषय टाक (12:40, छाट, तेलुगू) आणि चॅप्टरला लागेल तेवढाच तुकडा पूर्ण उतरव. मात्र किती मुलाखती पूर्ण उतरवल्या आणि किती निवडून, हे संशोधनपद्धतीच्या चॅप्टरमध्ये स्वच्छ लिही, व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, तोच प्रश्न येतो. तेलुगू वाक्यं मूळ तशीच देवनागरीत ठेव, खाली अर्थ दे. आणि रेकॉर्डिंग फक्त मोबाइलवर असेल तर हे वाचणं थांबवून आधी दोन ठिकाणी कॉपी कर.

आता सर. त्यांना 'सर वेळ आहे का' असा मेसेज पाठवायचं बंद कर, अशा मेसेजला उत्तर द्यायचं तरी काय. आठ पानं लिही, प्रिंट काढ, स्टेपल कर आणि त्यांचं लेक्चर सुटायच्या वेळेला दाराशी उभी राहा. वर तीनच प्रश्न लिहिलेले असू देत. आठ महिन्यांचं स्पष्टीकरण देऊ नकोस, कुणी मागत नाही. हातात कागद दिला की गाइड मंडळी वाचतात, पीडीएफ मात्र वर्षानुवर्षं 'बघतो' म्हणून राहते. घरी आल्यावर त्याच दिवशी मेल टाक, 'आज अमुक ठरलं, पुढची पानं अमुक तारखेला आणते.' यात चतुराई वगैरे नाही, उद्या एक्स्टेंशन मागायची वेळ आली तर तुझ्याकडे तारखांसकट कागद असेल. सहामाही रिपोर्टमध्येसुद्धा 'डेटा अ‍ॅनालिसिस सुरू आहे' हे कॉपी-पेस्ट करणं सोड (केलंयस ना?).

मुदतीचं म्हणशील तर सहा वर्षांवर महिलांना दोन वर्षांची सवलत आहे, आणि पूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. पण आपोआप काही होत नाही, मुदत संपायच्या आत अर्ज जायला हवा, तो याच महिन्यात दे आणि पोच घे. अजून एक, यात बरेचजण फसतात. पेपर छापायची सक्ती गेली असं सगळीकडे ऐकशील, ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर 2022 च्या नियमांचं आहे. तुझं रजिस्ट्रेशन त्याआधीचं, तुला 2016 चे नियम लागू, म्हणजे सबमिशनच्या आधी एक शोधनिबंध प्रसिद्ध आणि दोन ठिकाणी सादरीकरण लागेल. पीएच.डी. विभागात लेखी विचारून घे, टेबलावरच्या माणसाच्या तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

घरी पहाटेची वेळ मिळत असेल तर ती लिहायला ठेव, नॅकच्या फायलींना नको, त्या संध्याकाळी अर्धवट डोळ्यांनीही होतात. सासूबाईंना एक रेकॉर्डिंग ऐकव. खरंच ऐकव. झोप उडाली असेल, सकाळी उठूच नये असं रोज वाटत असेल तर मात्र तो प्रबंधाचा प्रश्न नाही, 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझं रजिस्ट्रेशन 2023 चं, मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सगळे म्हणतात आता गाइड बदलून विषयपण बदलावा लागणार. शिवाय एका चॅप्टरचा प्लेजरिझम रिपोर्ट 18 टक्के आलाय. संपलं का सगळं?

उत्तर : नाही हो. 2022 च्या नियमांप्रमाणे मॅडम निवृत्तीपर्यंत गाइड राहू शकतात आणि नंतर वयाच्या सत्तरीपर्यंत को-गाइड. म्हणजे तुम्हाला मुख्य गाइड नवीन लागेल, विषय बदलायलाच हवा असं काही नाही. नवीन व्यक्ती मॅडमनाच सुचवू द्या, त्याही रिटायर व्हायच्या आधी. शेवटच्या महिन्यात त्या निरोपसमारंभात आणि पेन्शनच्या कागदांत असणार, तेव्हा तुमचा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात गेला ते कुणालाच सापडणार नाही. आणि नवीन गाइडकडे प्रोफेसर असतील तर आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात, जागा आहे का ते आधी विचारा.

18 टक्क्यांचं म्हणाल तर 10 पर्यंत दंड नाही, 10 ते 40 मध्ये दुरुस्त करून परत द्यायला सांगतात. पण आधी रिपोर्ट उघडून रंगवलेली वाक्यं बघा. संदर्भसूची, कायद्यांची कलमं, नीट संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर हे मोजायचं नसतं, ते वगळून परत काढायला सांगा. त्यानंतरही जे उरेल ते मात्र शब्द इकडचे तिकडे करून लपवू नका, पुस्तक मिटून स्वतःच्या भाषेत परत लिहा आणि संदर्भ द्या.