पाझर तलावावरचं पांढऱ्या भुवईचं बदक

प्रश्न : इंदापूर तालुक्यात आमच्या शेताला लागून पाझर तलाव आहे. वारकरी, हळदी-कुंकू, थापट्या ही पाखरं मला ओळखता येतात. यंदा पाडव्याच्या सुमारास त्यांच्यात एक लहानसं बदक दिसलं. डोकं तपकिरी आणि डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरा पट्टा. दोन दिवसांत ते गेलंही. बदकं तर थंडीत येतात ना? हे दुर्मीळ आहे का?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते भुवई बदक, म्हणजे गार्गनी, आणि तेही नर. देशात ते दुर्मीळ नाही, पण छोट्या पाझर तलावावर असं जवळून दिसणं नेहमीचंही नाही. तुमचं वर्णन वाचून मला फार आनंद झाला.

पाहुणी बदकं थंडीसाठी येतात हे खरं, पण ती परतही जातात आणि परतीची वाट आपल्यावरूनच असते. भुवई बदकं ऑगस्ट-सप्टेंबरातच उतरू लागतात, पार दक्षिणेतल्या पाणथळींपर्यंत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघतात. त्यांची वीण युरोपपासून सायबेरियापर्यंत होते. एवढ्या लांबच्या उड्डाणाला अंगात चरबी लागते, म्हणून वाटेत जिथे उथळ पाणी आणि खाणं मिळेल तिथे ती थांबतात. पोट भरलं की पुढे. तुमचा पाहुणा म्हणूनच दोन दिवसांत गेला.

शिमगा उरकला की बहुतेक जण दुर्बीण कपाटात ठेवतात. मला ते पटत नाही. सप्टेंबरात भुवई बदकाचा नर मादीसारखाच मळकट दिसतो आणि भलेभले चकतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्याचा विणीचा पेहराव पुरा होतो : छातीवर तपकिरी खवल्यांची नक्षी, कुशी राखाडी, पाठीवरून खाली लोंबणारी काळी-पांढरी लांब पिसं. आणि ती भुवई! उन्हाच्या विरुद्ध बघतानाही ती चमकून दिसते. वारा पडलेला असेल तर कान द्या. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा कोरडा खरखराट ऐकू आला, तर नर जवळच आहे.

मादी मात्र कसोटी पाहते. तिच्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी एक गडद रेघ असते, गालावर दुसरी, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. तिच्याच मापाच्या ‘बारीक बदक’ (कॉमन टील) या जातीच्या मादीचा चेहरा इतका रेघारेघांचा नसतो. उडाल्यावर भुवई बदकाच्या नराचा पंख पुढून निळसर राखाडी दिसतो, हेही लक्षात असू द्या.

पुढच्या वर्षी फाल्गुन-चैत्रात सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. थापट्यांचा थवा दिसला की ‘थापट्याच आहेत’ म्हणून सोडू नका, एकेक डोकं तपासा. मधल्या खोल पाण्यात बुड्या मारणारं काळं-पांढरं बदक दिसलं, तर डोक्यामागे लोंबती शेंडी आहे का बघा. असेल तर ते शेंडी बदक. फोटोसाठी काठाकाठाने पुढे सरकू नका, कुत्रं तर मुळीच सोबत नको. वाटेत टेकलेल्या पाखराला उठवलं की त्याने जमवलेली ताकद वाया जाते.

प्रश्न : भिगवणला एका पट्टकादंबाच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसाच्या) मानेत अक्षरं असलेला पट्टा दिसला. कुणी पाळलेला असेल का?

उत्तर : नाही. स्थलांतराच्या अभ्यासासाठी संशोधक असे पट्टे घालतात. पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, तारीख आणि जागा लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. फोटो असेल तर जोडा, अंधुक असला तरी चालेल. पाझर तलावावरच्या भुवई बदकाची नोंदही ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका. भिगवणच्या नोंदी पुष्कळ जण करतात, गावतळ्यांच्या कुणी करत नाही.