महूचे हॉकी गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांची कारकीर्द कशी होती?

इंदूरजवळच्या महू छावणीत 1933 साली जन्मलेले शंकर लक्ष्मण 1947 मध्ये लष्कराच्या बँडपथकात भरती झाले, आणि पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतानाच त्यांचा खेळ देशापुढे आला. 1956, 1960 आणि 1964 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये ते भारताचे गोलरक्षक होते आणि तिन्ही वेळा अंतिम सामना पाकिस्तानशीच झाला. मेलबर्नला भारताने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. रोमला मात्र एकमेव गोलाने सुवर्ण हुकले. टोकियोत मोहिंदर लाल यांच्या गोलाने मिळालेली 1-0 ही आघाडी अखेरपर्यंत टिकली, त्यात गोलपोस्टसमोर ठाम उभ्या असलेल्या शंकर लक्ष्मण यांचा वाटा, माझ्या मते, गोल करणाऱ्याइतकाच मोठा होता. हेल्मेट नाही, पायांना साधे पॅड, आणि गवताच्या मैदानावर कुठे उसळेल याचा नेम नसलेला सुमारे 160 ग्रॅमचा टणक चेंडू, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बचावाची किंमत कळते.

1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले. गोलरक्षकाकडे कर्णधारपद, ही त्या काळी दुर्मीळच गोष्ट! अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री त्यांना मिळाले, परंतु 1968 च्या ऑलिंपिक संघातून वगळल्यानंतर त्यांनी हॉकी सोडली. लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्यावर ते महूलाच राहिले आणि पायाच्या गँगरीनने 2006 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.