दाढा नसलेला उंदीर

प्रश्न : उंदराचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि म्हणून त्याला सतत कुरतडावे लागते, असे आपण शाळेत शिकतो. परंतु सुलावेसी बेटावरील एका उंदराला ना कुरतडता येते, ना अन्न चावून खाता येते, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? खरे असल्यास त्याची गणना कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटात, कशी होते?

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या लातिमोजोंग आणि गांडांगदेवाता या पर्वतांवरील दमट अरण्यांत सापडलेल्या या उंदराचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे शास्त्रीय नाव ‘पॉसिडेंटोमिस व्हर्मिडॅक्स’, म्हणजे थोडक्या दातांचा, गांडुळे फस्त करणारा उंदीर. नाव ठेवणाऱ्यांनी यात काहीच शिल्लक ठेवलेले नाही.

घरातल्या उंदराला सोळा दात असतात : पुढे वरखाली मिळून चार पटाशीचे दात आणि मागे बारा दाढा. आयुष्यभर वाढतात ते केवळ पटाशीचे दात. त्यांच्या पुढच्या बाजूसच कठीण लुकण (एनॅमल) असल्याने मागची बाजू लवकर झिजते आणि छिन्नीसारखी धार कायम राहते. सुलावेसीच्या या उंदराला मात्र एकही दाढ नाही, आणि वरच्या पटाशीच्या दातांना छिन्नीची धार नसून प्रत्येकी दोन छोटी टोके आहेत. कृंतकांच्या दोन हजारांहून अधिक जातींमध्ये असे दुसरे उदाहरण ज्ञात नाही. न्यू गिनीच्या डोंगरांतील एका चिमुकल्या उंदराच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकेकच दाढ उरली आहे. पण उरली आहे.

याचे कारण आहारात सापडते. अभ्यासलेल्या उंदराच्या पोटात गांडुळांचेच तुकडे होते, आणि मऊ गांडूळ गिळण्यासाठी दळणाऱ्या दाढांची गरज नसते. पुढच्या टोकदार दातांनी गांडूळ पकडायचे, तोडायचे आणि लांब, निमुळत्या मुस्कटातून आत ओढायचे, अशी त्याची रीत असावी, असा अंदाज आहे. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत ज्या दातांच्या बळावर कृंतक जगभर पसरले, तेच दात येथे निरुपयोगी ठरले, ही गोष्ट मला त्या दातांइतकीच विलक्षण वाटते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. ‘कृंतक’ या शब्दाचा अर्थ ‘कापणारा’ असला, तरी प्राण्याचे वर्गीकरण सवयीवरून होत नाही, वंशावरून होते. लांब तोंडामुळे हा उंदीर चिचुंद्रीसारखा दिसतो. चिचुंद्री मात्र कृंतक नाहीच, ती कीटकभक्षी गटातली. याचे जवळचे नातलग सुलावेसीतच राहणारे इतर लांबतोंडे उंदीर आहेत आणि त्यांना दाढा आहेत. म्हणून दात गमावूनही तो कृंतकच राहतो, जसा पाय गमावलेला सर्प सरपटणाऱ्यांच्याच वर्गात राहतो. या उंदराचे शास्त्रीय वर्णन अवघ्या दोन नमुन्यांवर आधारलेले आहे.